शतकं मोजण्याआधी कापड पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्नूकरमधला सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद निघाला की विश्वविजेतेपदं मोजली जातात. जो डेव्हिस १५, हेंड्री आणि ओ'सलिव्हन प्रत्येकी ७, रिअर्डन आणि स्टीव्ह डेव्हिस प्रत्येकी ६. आकडे खरे आहेत, पण ते एका रांगेत लावणं आम्हाला पटत नाही. १९३१ साली जागतिक स्पर्धेत उतरले होते दोघेच. जो डेव्हिस टॉम डेनिसला हरवून एकाच सामन्यात विजेता ठरला. आज क्रुसिबलमध्ये (शेफील्डमधलं जागतिक स्पर्धेचं सभागृह) ३२ जणांतून पाच सामने जिंकावे लागतात.

शतकांचं, म्हणजे एका खेपेत केलेल्या शंभर किंवा जास्त गुणांचं, तर आणखी अवघड. पूर्वीच्या टेबलांवरच्या जाड लवेच्या कापडावर बॉल लवकर थांबतो. ब्लॅक (काळा बॉल) पॉट करताना पॅक (लाल बॉलचा पुंजका) फोडायचा तर क्यू जोरात चालवावा लागतो आणि जोर वाढला की नेम ढळतो. म्हणून जुने खेळाडू तीस-चाळीसचा ब्रेक (एका खेपेतले सलग गुण) करून सेफ्टीकडे (समोरच्याला सोपा शॉट न ठेवण्याकडे) वळत, आणि त्यांचा हिशेब बरोबर होता. आता कापड बारीक लवेचं, स्लेटखाली हीटर आणि बॉल फिनॉलिक रेझिनचे. हलक्या हातानं मारलं तरी पॅक उघडतो. जो डेव्हिसनं १४७, म्हणजे एका ब्रेकमधले साधारणपणे कमाल गुण, केले १९५५ साली. टीव्हीवरचं पहिलं १४७ स्टीव्ह डेव्हिसचं, १९८२ सालचं. आज व्यावसायिक स्पर्धांतल्या १४७ची संख्या दोनशेच्या पुढे गेली आहे.

एकाच कापडावर खेळणाऱ्या समकालीनांपेक्षा खेळाडू किती पुढे होता, हेच आम्ही माप मानतो. स्टीव्ह डेव्हिस १९८१ ते १९८९ या नऊ वर्षांत आठ वेळा जागतिक अंतिम फेरीत होता. तरीही आमचं मत ओ'सलिव्हनला: पहिलं विजेतेपद २००१चं, सातवं २०२२चं, वयाच्या ४६व्या वर्षी. एवढ्या काळात समोरची पिढी बदलली, तरी तो जिंकत राहिला.

कोकणातल्या खेळाडूंना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागू नये. हीटर नसलेल्या टेबलावर मे आणि जुलैचा खेळ एक नसतो. लोकरीचं कापड दमट हवेतलं पाणी धरतं, बॉल जड चालतो आणि लांबच्या शॉटवर पोझिशन (पुढच्या शॉटसाठी पांढऱ्या क्यू बॉलची जागा) हातभर आखूड पडते. लव बॉकपासून (जिथून खेळ सुरू होतो ते टोक) ब्लॅककडे असते; हळू मारलेला बॉल मधल्या पॉकेटकडे जाताना ब्लॅकच्या बाजूला सरकतो. लवेच्या उलट दिशेनं, म्हणजे बॉककडे, साइड (क्यू बॉलच्या कडेला टोला) देऊन हळू मारलं तर वळण उलटं येतं, तेव्हा तो शॉट पावसाळ्यात टाळलेलाच बरा.

सामन्याआधी ब्रश बॉककडून ब्लॅककडे, एकाच दिशेनं मारावा. चॉक आणि हाताची पावडर पूर्ण निघाल्याशिवाय इस्त्री करू नये, नाहीतर ती ओलसर कापडात बसते. इस्त्री आधी वर्तमानपत्राच्या कागदावर फिरवावी. कागद करपला तर ती जास्त तापलेली आहे. टेबलावर ती मध्येच थांबवू नये, आणि तिचीही दिशा ब्रशचीच. बॉल कोरड्या, स्वच्छ कपड्यानं पुसावेत. स्पर्शाच्या जागी चॉकचा कण आला की किक (धडकेत बसणारा अनपेक्षित झटका) बसते आणि ऑब्जेक्ट बॉल (ज्याला मारायचं तो) जाडसर, म्हणजे ठरल्यापेक्षा भरीव टक्कर बसल्यासारखा, जातो. हीटर असेल तर तो सामन्यापुरता लावून भागत नाही. स्लेट जाड असते, ती तापायला वेळ लागतो.

रत्नागिरी, चिपळूण, मालवण, सावंतवाडीच्या क्लबांना एक विनंती. खाच पाडलेली लाकडी पट्टी ठरलेल्या उतारावर बॉक लाइनवर ठेवावी, वरच्या खुणेपासून क्यू बॉल सोडावा आणि तो कुठवर जातो ते इंचांत मोजावं. तीन वेळा सोडून सरासरी घ्यावी आणि तारखेसह स्कोअरबुकात लिहावी. उतार आणि खूण मात्र बदलू नये. मग मे महिन्यातलं शतक आणि जुलैमधला ऐंशीचा ब्रेक शेजारी ठेवताना कापडाचा वेगही समोर असेल.

आपले,
स्नूकरप्रेमी वाचक, रत्नागिरी