बकऱ्याचा कोथळा कुत्र्यापुढे टाकू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

कुत्रं म्हटलं की आपल्याकडे एकच भीती, चावलं तर रेबीज. त्याचे लसीचे कॅम्प लागतात, पेपरात येतं, चांगलंच आहे. पण कुत्रं न चावताही त्याच्यापासून हायडॅटिड नावाचा आजार होतो, त्याबद्दल आमच्या भागात कुणी बोलतच नाही. आमच्या भावकीतल्या एका काकूंच्या लिव्हरमध्ये पाण्याची मोठी गाठ निघाली, सगळ्यांना वाटलं कॅन्सरच, ऑपरेशननंतर कळलं की ही कुत्र्यातल्या जंतामुळे झालीय. काकू माळकरी, मटणाला कधी हात लावला नाही, त्यामुळे घरच्यांना पटेचना. पण हा आजार मुळात मटण खाऊन होत नाही!

होतं असं की मेंढरू-बकरं कापल्यावर गाठी असलेली कलेजी, फोपसं खराब म्हणून आपण कुत्र्यापुढे टाकतो, त्यातून कुत्र्याच्या आतड्यात बारीक जंत वाढतात, अगदी काही मिलिमीटरचे, आणि दीड-दोन महिन्यांत त्यांची अंडी विष्ठेतून पडायला लागतात, मग ती मातीत, मेथी-कोथिंबिरीवर, कुत्र्याच्या केसांवर आणि हाताने आपल्या तोंडात. गाठ बहुतेक लिव्हरमध्ये नाहीतर फुप्फुसात होते, वर्षानुवर्षं हळूहळू वाढते, दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि आत फुटली तर जिवावर बेतू शकतं. कुत्रं मात्र धडधाकटच दिसतं.

कुत्री मारा असं मी अजिबात म्हणत नाही, धनगराच्या कळपाला कुत्रं लागतंच. पण रेबीजची लस यावर चालत नाही, कुत्र्याला प्राझिक्वांटेलची जंताची गोळी वर्षातून निदान चार वेळा द्यावी लागते, आणि गोळीने अंडी मरत नाहीत म्हणून नंतरचे दोन-तीन दिवस विष्ठा पुरून टाकायची. आतडी-फोपसं खोल पुरा, द्यायचंच असेल तर अर्धा-पाऊण तास चांगलं उकळून द्या. पोरांनी कुत्र्याशी खेळल्यावर साबणाने हात धुवावेत, पालेभाजी दोन-तीन पाण्यातून काढावी. आइसलँडमध्ये हा आजार खूप होता, तिथे 1860 च्या दशकात लोकांना पुस्तिका वाटण्यापासून सुरुवात झाली आणि पुढे तो संपवला, मग आपल्याला का जमू नये?

चैत्रात गावोगावी यात्रा आहेत, शेकड्याने बकरी कापली जातात. ग्रामपंचायतींनी त्याआधी यात्रेच्या जागेजवळ खोल खड्डा काढून द्यावा, पशुवैद्यकीय दवाखान्याने रेबीजच्या कॅम्पमध्येच जंताची गोळीही द्यावी, आणि आपल्या पेपरने त्याच आठवड्यात ही माहिती पहिल्या पानावर छापावी ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, जि. सांगली