एकशे नव्वद गोल आणि तुझी वही

लष्कर, ग्वाल्हेर
रविवार

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबत परत पाठवलेली तुझ्या गोलांच्या हिशोबाची ती लाल पुठ्ठ्याची वही गुरुवारी मिळाली. पत्र दारातच दोनदा वाचले. वही मात्र आज, पेढीला सुट्टी असताना, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शांतपणे पाहिली. फुटबॉलच्या सरांनी तुला आघाडीवरून काढून स्ट्रायकरच्या मागे खेळायला लावले, त्यानंतरच्या आठ सामन्यांत तुझा एकच गोल झाला, आणि वसतिगृहातल्या एका मुलीने वही चाळून "यातले निम्मे गोल कच्च्या संघांविरुद्धचे आहेत, ते धरायचे कशाला" असे म्हटले, या तिन्ही गोष्टी तू एका दमात लिहिल्या आहेस आणि शेवटी वही माझ्याकडेच राहू दे असे कळवले आहेस. माझी वीस वर्षे दाल बाजारात रोजमेळ आणि खतावणी लिहिण्यात गेली. समोर आलेली हिशोबाची वही न तपासता कपाटात ठेवणे माझ्याच्याने होत नाही.

पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तू चौदा वर्षांची असताना निळ्या पेनाने "सिंक्लेअर १८५" असे लिहिले होतेस. तो आकडा खोडून १८६, तो खोडून १८७, असे करत करत शेवटी १९० पाशी तुझा हात थांबला आहे, आणि त्या आकड्याभोवती तू चौकट आखली आहेस. कॅनडाची फुटबॉलपटू क्रिस्टीन सिंक्लेअर हिच्या आंतरराष्ट्रीय गोलांचा हा हिशोब तुला माझ्यापेक्षा अधिक पाठ आहे, म्हणूनच तुझ्या तिन्ही तक्रारींविषयी जे सांगायचे आहे ते मी त्याच आकड्याच्या आधाराने सांगते.

पहिली गोष्ट कच्च्या संघांची. २९ जानेवारी २०२० रोजी टेक्सासमधल्या एडिनबर्ग गावी ऑलिंपिक पात्रतेच्या सामन्यात कॅनडाच्या या मुलीने सातव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल करून अमेरिकेच्या अ‍ॅबी वॅम्बाकच्या १८४ गोलांची बरोबरी केली आणि तेविसाव्या मिनिटाला १८५ वा गोल करून ती आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये, पुरुष आणि स्त्रिया दोन्ही धरून, सर्वांत पुढे गेली. समोर सेंट किट्स आणि नेव्हिस या चिमुकल्या बेटांच्या देशाचा संघ होता आणि सामना ११-० असा संपला. तुझ्या वसतिगृहातली मुलगी तिथे असती तर तिने हेच म्हटले असते, की असल्या संघाविरुद्धच्या गोलाचे एवढे कौतुक कशाला.

आता ग्वाल्हेरची गोष्ट आठव. ज्या कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवरून तू शाळेत असताना रोज सायकलने जात होतीस, ते हॉकीपटू रूपसिंग ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या फौजेत होते आणि म्हणून आपल्या गावचे झाले. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीत अमेरिकेला २४-१ असे हरवले, त्यात रूपसिंगांचे दहा गोल होते आणि त्यांचे थोरले बंधू ध्यानचंद यांचे आठ. त्या दिवशी अमेरिकेचा संघ किती कच्चा होता हे तो आकडाच सांगतो. तरीही त्या दहा गोलांतले चार-पाच वजा करून उरलेलेच धरावेत, असे या गावात मी आजवर कोणाच्याही तोंडून ऐकलेले नाही. समोर जो संघ उभा असतो त्याच्याशीच खेळावे लागते. तो निवडणे खेळाडूच्या हाती नसते, आणि तो कच्चा आहे म्हणून कोणी गोल करायचा टाळला तर तो त्या संघाचाही अपमानच होतो.

शिवाय एका खात्यात मोठ्या रकमा असतात तशा किरकोळही असतात, आणि खाते पाहायचे तर सगळेच पाहावे लागते. सिंक्लेअरचा पहिला गोल सोळाव्या वर्षी, मार्च २००० मध्ये, पोर्तुगालमधल्या स्पर्धेत नॉर्वेविरुद्ध झाला. नॉर्वे तेव्हा जगज्जेता होऊन गेलेला संघ होता आणि त्याच वर्षी त्याने ऑलिंपिकचे सुवर्णही घेतले. २०११ च्या विश्वचषकात बर्लिनला, नाक मोडलेले असताना मैदान न सोडता, तिने जर्मनीविरुद्ध फ्री किकवर गोल केला, आणि विश्वचषकात जर्मनीवर २००३ नंतर झालेला तो पहिला गोल होता. मग ६ ऑगस्ट २०१२ चा तो ऑलिंपिकचा उपांत्य सामना, मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर अमेरिकेविरुद्धचा, ज्यात तिने एकटीने तीन गोल केले, तीनदा कॅनडाला पुढे नेले, आणि तीनदा अमेरिकेने बरोबरी साधली, त्यातली तिसरी बरोबरी वॅम्बाकच्या पेनल्टीने. वाढीव वेळेतही तीन मिनिटे जास्तीची झाली असताना अ‍ॅलेक्स मॉर्गनच्या हेडरने कॅनडा ४-३ असा हरला. सेंट किट्सविरुद्धचे दोन आणि ओल्ड ट्रॅफर्डचे तीन एकाच बेरजेत आहेत, आणि ते तसेच असले पाहिजेत.

वसतिगृहातल्या त्या मुलीचे म्हणणे मी तपासूनही पाहिले, कारण न तपासता तिला खोटे म्हणणे मला पटले नसते. आघाडीवरच्या तुझ्या एकतीस गोलांपैकी बारा गोल अशा सामन्यांतले आहेत की जे तुम्ही पाच किंवा त्याहून अधिक गोलांनी जिंकलात. म्हणजे निम्मे नाहीत, पण थोडेही नाहीत. ते बारा मी खोडलेले नाहीत आणि तूही खोडू नयेस.

या विक्रमाविषयी आणखी एक आक्षेप तुझ्या मामाच्या तोंडून ऐकला होता, की बायकांचे आकडे मोठे दिसतात ते सामने सोपे असतात म्हणून. संघासंघांतले अंतर मोठे असते हे खरे, पण कारण एवढेच नाही. अमेरिकेत स्त्रियांची पहिली व्यावसायिक लीग २००१ मध्ये सुरू झाली आणि तीन हंगामांत बंद पडली. दुसरी २००९ मध्ये सुरू झाली, तीही तीन हंगामांनी बंद झाली. आजची लीग २०१३ पासूनची आहे. क्लबची घडी अशी सारखी मोडत असताना या मुलींचा खरा आधार देशाचा संघच होता, त्याची शिबिरे वर्षभर चालत आणि मैत्रीचे सामनेही पुष्कळ होत. पुरुष खेळाडू वर्षभर क्लबसाठी खेळतो आणि अधूनमधून देशासाठी. या मुलींचे कित्येक वर्षे उलट होते. इटलीच्या एलिझाबेता विन्योत्तोचे १०७, मग १९९९ मध्ये ते ओलांडून मिया हॅमचे १५८, मग २०१३ मध्ये ते ओलांडून वॅम्बाकचे १८४, आणि त्यावर सिंक्लेअरचे १९०, अशी ही शिल्लक पानापानाने पुढे आलेली आहे. भागाकार केला तर वॅम्बाकचा हात वरचढ आहे: तिचे दर चार सामन्यांत जवळजवळ तीन गोल पडतात, सिंक्लेअरचे दर सात सामन्यांत चार. पण सिंक्लेअर ३३१ सामने खेळली, २००० पासून २०२३ पर्यंत, आणि इतकी वर्षे शरीर आणि मन जागेवर ठेवणे हे मला त्या भागाकाराहून मोठे वाटते.

सप्टेंबर २०२१ मध्ये रोनाल्डोने इराणच्या अली दाईचा १०९ गोलांचा विक्रम मोडला, तेव्हा आपल्याकडे आलेल्या वर्तमानपत्रात "आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये सर्वाधिक गोल" असा मथळा होता आणि तू तो पेनाने दुरुस्त करून "पुरुषांच्या" हा शब्द वर लिहिला होतास. मला त्या दिवशी तुझा फार अभिमान वाटला होता. रूपसिंग स्टेडियमवर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने नाबाद २०० धावा केल्या, त्याचा अभिमान ग्वाल्हेरच्या प्रत्येक घरात आहे आणि आपल्याही आहे. पण एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कचे आहे, नाबाद २२९, डिसेंबर १९९७ मध्ये मुंबईत, म्हणजे बारा वर्षे आधी. हे मी पेढीवर सांगितले तेव्हा कोणालाही माहीत नव्हते. नोंद झालेली असूनही वाचली जात नाही, तेव्हा ती पुन्हा पुन्हा वाचून दाखवावी लागते.

आता तुझी मुख्य तक्रार, मागे खेळवण्याची. याविषयी मी सर्वांत जास्त विचार केला.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सिंक्लेअर आघाडीवर खेळली, सहा सामन्यांत तिने सहा गोल केले, त्या स्पर्धेत कोणाचेही तेवढे नव्हते, आणि कॅनडाला ब्राँझ मिळाले. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या वेळी ती अडतीस वर्षांची होती, पूर्वीपेक्षा मागे येऊन, पुढच्या मुलींना चेंडू पुरवत खेळत होती. तेव्हाही सामने सहाच झाले, तिचा गोल एकच झाला, जपानविरुद्ध पहिल्याच सामन्यात, आणि कॅनडाला सुवर्ण मिळाले. हे दोन आकडे मी तुझ्या वहीच्या शेवटच्या पानावर एकाखाली एक लिहून ठेवले आहेत. आघाडीवरचे सहा गोल वाया गेले असे मी म्हणत नाही, त्यांच्यावाचून ते ब्राँझही आले नसते. पण तुझ्या आठ सामन्यांतल्या एका गोलाकडे पाहताना ही दुसरी ओळही तुझ्या नजरेसमोर असावी.

त्याच ऑलिंपिकचा योकोहामाचा तो अंतिम सामना आपण दोघींनी ६ ऑगस्टच्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोबाईल टेकवून पाहिला होता. स्वीडन १-० ने पुढे होते. स्वीडनच्या गोलासमोरच्या पेनल्टी क्षेत्रात सिंक्लेअरला पाडले, पंचांनी पडद्यापाशी जाऊन पुन्हा पाहिले आणि पेनल्टी दिली, तोपर्यंत तू माझे मनगट इतके घट्ट धरले होतेस की बांगडीचा वळ उठला. पेनल्टी घ्यायला जेसी फ्लेमिंग गेली. चेंडू जाळ्यात गेला आणि तो गोल फ्लेमिंगच्या खात्यात जमा झाला, जसा नियम आहे तसाच. पुढे बरोबरी राहिली, सिंक्लेअरला त्याआधीच बाहेर घेतले होते, आणि कॅनडाने शूटआउटमध्ये ३-२ असे सुवर्ण जिंकले. शूटआउटमधली पेनल्टी तर कोणाच्याच गोलांत धरली जात नाही. म्हणजे ज्या क्षणाने सामना परत फिरला तो सिंक्लेअरच्या १९० मध्ये कुठेही नाही.

त्याच्या दोन वर्षे आधीची पॅरिसची गोष्टही अशीच आहे. २०१९ च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्ध कॅनडा एका गोलाने मागे असताना पेनल्टी मिळाली, सिंक्लेअर तेव्हा १८२ वर होती, विक्रम दोनच पावलांवर होता, आणि तिने पेनल्टी जॅनीन बेकीला दिली. गोलरक्षिकेने ती अडवली आणि कॅनडा स्पर्धेबाहेर गेला. त्या निर्णयाविषयी लोक अजून दोन्ही बाजूंनी बोलतात. मला स्वतःला वाटते की तिने ती स्वतः घ्यायला हवी होती. पण हातात आलेली नोंद दुसरीला देताना तिला आपल्या आकड्याचा मोह पडला नाही, याचा मी आदर करते.

आपल्याकडचेही पाहा. मणिपूरच्या बाला देवीने २०२० मध्ये ग्लासगोच्या रेंजर्स क्लबशी करार केला आणि २०२४ मध्ये देशासाठी पन्नास गोल पूर्ण करणारी ती पहिली भारतीय स्त्री झाली. तिचे नाव तुझ्या वहीत आहे, ते योग्यच आहे. पण ५ जुलै २०२५ रोजी चियांग माईला थायलंडला २-१ असे हरवून भारताच्या मुली पात्रता फेरीतून पहिल्यांदा आशियाई चषकाला गेल्या, तेव्हाचे दोन्ही गोल संगीता बासफोरचे होते, आणि ती मधल्या फळीतली खेळाडू आहे.

तुझ्या वहीचे तेविसावे पान उघडून मी बराच वेळ बसले होते. मुरारच्या मैदानावरचा सामना, खाली "गोल ०", आणि त्या शून्यावरून पेन इतक्यांदा फिरवले आहेस की कागद फाटून मागच्या पानापर्यंत खूण उमटली आहे. त्या सामन्याला मी होते. उजवीकडून आलेला चेंडू तू घेणार असे वाटून दोन्ही बचावपटू तुझ्या अंगावर आल्या, तू पाय उचलून चेंडू खालून जाऊ दिलास, आणि मागून आलेल्या तुझ्या मैत्रिणीने तो मोकळ्या जाळ्यात ढकलला. तू चेंडूला शिवलीही नव्हतीस, म्हणून असिस्टही, म्हणजे गोलाआधीच्या शेवटच्या पासचे श्रेयही, तुझा नव्हे. सामना तुम्ही १-० असा जिंकलात. त्या पानावर यातले काहीही नाही.

म्हणून मी पेढीवरची मोठी पट्टी आणून प्रत्येक पानावर "गोल" च्या शेजारी आणखी एक रकाना आखला आहे. गोलांच्या रकान्याला हात लावलेला नाही. आघाडीवरचे एकतीस अधिक मागे खेळतानाचा एक, बत्तीस, अशी बेरीज मी दोनदा ताळा करून शेवटी लिहिली आहे. नव्या रकान्याला मी नाव दिलेले नाही, ते तू दे. त्यात मुरारची नोंद मला आठवते तशी पेन्सिलीने केली आहे आणि आणखी चार सामन्यांतल्या पाच नोंदी केल्या आहेत. चूक असेल तिथे खोडून नीट लिही.

मामा बुधवारी रात्रीच्या गाडीने बडोद्याला निघतो आहे. त्याच्याबरोबर वही, आजीने केलेल्या शंकरपाळ्या आणि तुझे जुने शिन गार्ड पाठवते. मुरारचा तो गोल कितव्या मिनिटाला झाला हे मात्र मला काही केल्या आठवत नाही, ती जागा कोरी सोडली आहे. तुला आठवत असेल तर पेनाने भर.

तुझी,
आई