१४ जानेवारीला येताना स्कॅनर घेऊन या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सप्रेम जयभीम.

दर १४ जानेवारीला आमच्या परभणीकडच्या घरातून माणसं पहाटेच्या गाडीने छत्रपती संभाजीनगरला निघतात. संक्रांत एखाद्या वर्षी एक दिवस पुढे सरकते, पण नामविस्तार दिन, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं तो दिवस, सरकत नाही. विद्यापीठ गेटसमोर पुस्तकांचे ठेले, निळे झेंडे, कुठेतरी भीमगीतं चालू. म्हाताऱ्या बाया चपला काढून गेटच्या खांबाला हात लावतात आणि तोच हात कपाळाला. शाळेचं तोंड न पाहिलेली माणसं पाया पडायला येतात, असं दुसरं विद्यापीठ मला तरी माहीत नाही.

आमच्या गावात मी चार पदव्या पाहिल्या. हेडमास्तरांची उस्मानियाची, उर्दू अक्षरांतली. निजामाच्या राज्यात १९१८ ला निघालेलं ते विद्यापीठ शिकवायचंच उर्दूतून. थोरल्या बहिणीची १९९१ ची, तिच्यावर नुसतं ‘मराठवाडा विद्यापीठ’. माझी १९९६ ची, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठा’ची. भाच्याची नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाची, कारण १९९४ च्या सप्टेंबरात परभणी तिकडे गेली. बहिणीची आणि माझी चौकट भिंतीवर शेजारी-शेजारी आहे. पाहुणे विचारतात, दोघं वेगवेगळ्या विद्यापीठांत होता का?

या दोन चौकटींमधल्या जागेत काय घडलं, ते सांगायला हे पत्र.

मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते २३ ऑगस्ट १९५८ ला झालं. त्याच्या आठ वर्षं आधी, १९५० मध्ये, बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं होतं. त्यामुळे विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायची, म्हणजे नामांतराची, मागणी कुणाच्या डोक्यात अचानक आली नव्हती. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला आणि पाठोपाठ गावोगावच्या दलित वस्त्या पेटल्या. नामांतराच्या बाजूचे पोचीराम कांबळे त्यात मारले गेले. अंमलबजावणी थांबली ती थांबलीच. १९७९ ला नागपुरातून लाँग मार्च निघाला. गौतम वाघमारे यांनी नांदेडला १९९३ च्या नोव्हेंबरात स्वतःला पेटवून घेतलं. त्यानंतर १४ जानेवारी १९९४ उजाडली. ‘मराठवाडा’ शब्द ठेवून पुढे बाबासाहेबांचं नाव जोडलं, म्हणून सरकारी भाषेत तो ‘नामविस्तार’. माझ्या वडिलांना हा शब्द शेवटपर्यंत पटला नाही. ते नामांतरच म्हणत.

वडील गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली. डांबराच्या गोळ्यांच्या वासात सभांची पत्रकं, पावती पुस्तकाची अर्धी फाडलेली पानं, आणि सत्याग्रहात पकडलेल्या चुलत्याचं तुरुंगातलं पोस्टकार्ड. त्यात आंदोलनावर एक ओळ आहे, ‘इकडे सगळे धीराने आहेत’. बाकी सगळं कार्ड शेळीबद्दल: तिला बाभळीचा पाला घालत जा, व्याली की कळवा. खाली एक पत्रक लाँग मार्चच्या वेळचं. त्याच्या मागे आईने कोळशाने उभ्या रेघा मारल्यात, अकरा. तिला लिहिता येत नव्हतं. कापसाच्या वेचणीला अकरा दिवस गेली, त्याचा तो हिशोब. मुकादम जास्त खाडे धरायचा म्हणून.

हे कागद घेऊन मी एका कार्यालयात गेलो होतो. कुठल्या ते जाऊ द्या. तिथले साहेब चांगले वागले, चहाही पाजला. म्हणाले, ठेवून जा, पण पावती देता येणार नाही, हे कुठल्या रजिस्टरला चढवायचं ते आम्हालाच माहीत नाही. मी पिशवी परत आणली.

अशा पेट्या मराठवाड्यात किती घरांत असतील, हे मोजायचं तर घरोघर जावं लागेल. माझी मागणी तेवढीच आहे. एक गाडी, एक स्कॅनर, आवाज नोंदवायचं यंत्र आणि मोडीत न काढता कागद हाताळणारी दोन माणसं, शक्यतो विद्यापीठाचेच इतिहासाचे विद्यार्थी. तालुक्याच्या गावी आठ-आठ दिवस मुक्काम करावा. कागद स्कॅन करून मूळ प्रत घरच्यांना तिथल्या तिथे परत द्यावी, वर पावती. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांचं बोलणं नोंदवून घ्यावं, आणि ज्या घरांनी तेव्हा विरोध केला त्यांचंही. त्यांच्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहील. १९७८ ला वीस वर्षांचा असलेला माणूस आज पासष्टी ओलांडून गेलाय. समिती नेमून अहवाल मागवण्याइतका वेळ यात नाही, म्हणून थेट तुम्हाला लिहितो आहे. सुरुवात १४ जानेवारीला गेटवरच करा. त्या दिवशी माणसं आपणहून आलेली असतात, बोलावावं लागत नाही.

पेटी मी घेऊन येईन. आईचं ते पत्रक मात्र ठेवून देणार नाही. स्कॅन करताना दोन्ही बाजू घ्यायला सांगा.

आपला,
मिलिंदचा एक माजी विद्यार्थी