पासवर्ड बदलण्याची सक्ती बंद व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काही बँका, विमा कंपन्या आणि सरकारी संकेतस्थळे खातेदारांना दर साठ किंवा नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायला लावतात. त्यामुळे खाते अधिक सुरक्षित होते, असा सर्वसाधारण समज आहे. मुलुंडमधील आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात सभासदांना नेट बँकिंगच्या कामात मदत करताना मला मात्र याच्या नेमके उलट घडताना दिसते. मुदत संपल्याची सूचना पडद्यावर आली की ‘गणेश@१२३’चे ‘गणेश@१२४’ होते आणि पुढच्या खेपेस १२५. एका सभासदांच्या डायरीच्या शेवटच्या पानावर एकच नाव (ते गणेश नाही, हे सांगायला नकोच) आणि त्यापुढचे चढते आकडे एकाखाली एक लिहून खोडलेले आहेत; ते पान पाहिलेल्या कोणालाही पुढचा पासवर्ड सांगता येईल. मोठे अक्षर, अंक, चिन्ह या सगळ्या अटी त्यात पूर्ण झालेल्या असतात, हे विशेष.

यात सभासदांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण सक्ती झाली की माणसे जगभर असेच वागतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली तेथील जुन्या खात्यांचा अभ्यास केला, तेव्हा आधीचा पासवर्ड माहीत असल्यास सुमारे ४१ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड संगणकाला काही सेकंदांत शोधून काढता आला. ज्या मार्गदर्शिकेमुळे हे नियम सर्वत्र पसरले, ती अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २००४ मध्ये काढली होती. तिचे लेखक बिल बर यांनी २०१७ मध्ये त्यातील बऱ्याच सल्ल्याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. त्याच वर्षी ‘निस्ट’ने ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, असे सुचवले आणि २०२५च्या आवृत्तीत तर अशी सक्ती करण्यास आणि अक्षर-अंक-चिन्हांच्या मिश्रणाचा आग्रह धरण्यास स्पष्ट मनाई केली. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तर तो अवश्य बदलायला लावावा, असेही तीत आहे. आपल्याकडे मात्र जुनाच नियम शिस्त म्हणून मिरवला जातो.

पासवर्डला खरे बळ येते ते लांबीने आणि यदृच्छेने, म्हणजे निवड आपल्या मनावर न ठेवता दैवावर सोडण्याने. आठ इंग्रजी लघुअक्षरांच्या सुमारे २१ हजार कोटी जुळण्या होतात; ऐकायला हा आकडा प्रचंड वाटतो, परंतु चोरीला गेलेल्या माहितीवर हल्लेखोराचा संगणक मोकळेपणाने काम करू शकत असेल आणि संकेतस्थळाने पासवर्ड नीट जपलेले नसतील, तर असा पासवर्ड फार काळ टिकत नाही. याउलट, फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून निवडलेले पाच-सहा असंबद्ध शब्द लक्षात ठेवायला सोपे आणि फोडायला कितीतरी अवघड असतात. शब्द मराठी असून रोमन लिपीत लिहिले तरी चालते, फक्त ते आपल्या आवडीचे नसावेत आणि अभंगाची किंवा गाण्याची ओळ तर मुळीच नसावी, कारण प्रसिद्ध ओळी अंदाज बांधणाऱ्यांनाही सुचतात. आता गंमत अशी की काही संकेतस्थळे बाराच्या पुढे अक्षरच घेत नाहीत, आणि काहींनी पासवर्डच्या रकान्यात ‘पेस्ट’ करण्याची सोय काढून टाकली आहे. बिटवॉर्डन किंवा कीपास यांसारखी पासवर्ड सांभाळणारी ॲप वापरणाऱ्याची अशा बंदीने विनाकारण अडवणूक होते, आणि तो वैतागून पुन्हा सोप्या पासवर्डकडे वळतो.

अशी ॲप ज्यांना झेपत नाहीत, त्यांनी पासवर्ड वहीत लिहून ती कपाटात कुलूपबंद ठेवण्यास माझी हरकत नाही. परदेशात बसलेल्या चोराचा हात आपल्या कपाटापर्यंत पोहोचत नाही. त्याला हाती लागतो तो एका दुकानाच्या संकेतस्थळावरून फुटलेला आणि आपण ईमेललाही तसाच वापरलेला पासवर्ड. ईमेलचा पासवर्ड तर इतर कुठेही वापरू नये, कारण बहुतेक खात्यांचा विसरलेला पासवर्ड नव्याने ठरवण्याचा दुवा तेथेच येतो. ओटीपी कोणालाही सांगू नये, हे बहुतेक सभासदांना आता पाठ झाले आहे; पासवर्डच्या या पुनर्वापराबद्दल मात्र त्यांना कोणी बजावलेले नाही.

म्हणून बँकांनी आणि शासनाच्या माहिती तंत्रज्ञान विभागांनी मुदतबंद बदलाची सक्ती काढावी, निदान ६४ अक्षरांपर्यंतचे लांब पासवर्ड स्वीकारावेत, ‘पेस्ट’ची सोय परत द्यावी आणि नवा पासवर्ड पूर्वी फुटलेल्यांच्या यादीत असल्यास तो तेथल्या तेथे नाकारावा, अशी मागणी आपल्या वृत्तपत्राद्वारे मी करीत आहे.

आपला,
एक वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई