विजापूरच्या जामा मशिदीतील अनोळखी मदतनीसांचे आभार

बेळगावहून आम्ही कुटुंबीय विजापूरला गेलो असता तेथील जामा मशिदीत ज्यांनी आम्हांस आपुलकीने साहाय्य केले, त्यांची नावे ठाऊक नसल्याने हे आभार जाहीरपणे मानत आहोत.

दाराशी बसलेल्या वृद्ध चाचांनी गुडघेदुखीने बेजार झालेल्या आमच्या आईला स्वतःची खुर्ची दिली आणि नमाज आटोपेपर्यंत थांबावे लागेल, हे इतक्या अदबीने सांगितले की थांबणे जड गेले नाही.

त्यानंतर एका तरुणाने, व्यवसायाने मार्गदर्शक नसतानाही, सारी वास्तू फिरून दाखवली. तालिकोटच्या १५६५ च्या लढाईनंतर पहिल्या अली आदिलशहाने हिचे काम काढले, १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने फरशीवर २,२५० नमाजींच्या जागा आखून घेतल्या, आणि पूर्वेकडील मिनार मात्र कधी पुरे झालेच नाहीत, हे त्याच्याकडून समजले. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींवर घुमटाचा भार कसा तोलला आहे, हे तर त्याने बोटांची गुंफण करून दाखवले. त्याची दखनी आणि आमची बेळगावी मराठी यांत कोठेही अडले नाही. गोल घुमटासाठी आलेले पर्यटक येथे घाईने डोकावून जातात, ही त्याची तक्रार आम्हांस रास्त वाटली. पैसे देऊ केले असता त्याने दानपेटीकडे बोट दाखवले.

आमच्या मुलीला डोक्यावर घेण्यासाठी स्वतःची ओढणी देणाऱ्या मावशींचेही आम्ही मनःपूर्वक ऋणी आहोत.