सहा शिट्ट्या आणि तुमच्या तीन

ताई,

मी फोनवर आभार मानायला लागले तर तुम्ही म्हणालात, "अहो, कामच आहे ते आमचं." मुलांना रानात न्यायचं आणि धडधाकट परत आणायचं, हे तुमचं काम. त्याचे पैसे भरले, पावती मिळाली, तो हिशेब मिटला. पावतीत न मावणारं काही उरलंय, म्हणून हे पत्र. आणि ते चारचौघांत लिहितेय, कारण तुमच्यापेक्षा इतर काही मंडळींनी ते वाचायला हवं.

बहीण गेल्यापासून भाची माझ्याकडे. वर्गातून निघून जाणं, दिवसदिवस दार लावून बसणं, रात्री किंचाळत उठणं. शाळेनं कळवलं, बाकीच्या मुलींवर परिणाम होतो. नातेवाइकांच्या मते लाडावलेली. ज्यांच्याकडे मोठ्या आशेनं नेलं, त्या समुपदेशकांनी घड्याळाकडे बघत सांगितलं, "लक्ष वेधून घ्यायला करते. दुर्लक्ष करा." हा सल्ला मात्र सगळ्यांनी इमानेइतबारे पाळला.

तुमच्याकडे पाठवताना मी फॉर्मवर सगळं खरं लिहिलं होतं. तुम्ही तो वाचलात आणि फोन करून एवढंच विचारलंत, "तिला थंडी जास्त वाजते का?"

पहिल्याच दिवशी तुम्ही सगळ्यांच्या गळ्यात शिट्टी अडकवलीत. डोंगरात अडचणीत सापडलं तर मिनिटभरात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. ऐकणाऱ्यानं मिनिटाला तीन अशा शिट्ट्या देऊन उत्तर द्यायचं, म्हणजे समोरच्याला कळतं की हाक पोचली. गिर्यारोहकांचा हा संकेत. बाकीच्या मुलांनी तो पाठ केला. आमचीनं त्याच रात्री वापरून पाहिला.

हे तिनं मला सांगितलं बऱ्याच दिवसांनी, भांडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता. तंबूत ती जागीच होती. छाती धडधडायला लागली, बाहेर आली आणि वाजवली. सहा. मग तिला स्वतःचीच भीती वाटली, की आता सगळे उठणार, टॉर्च तोंडावर मारणार, उद्या घरी पाठवणार. पलीकडून तीन शिट्ट्या आल्या. सावकाश, मोजून. मग तुम्ही आलात, टॉर्च न लावता, आणि काय झालं हे न विचारता शेजारी बसलात.

ती म्हणाली, टॉर्च लावा ना. तुम्ही म्हणालात, "थांब जरा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात. मध्ये एकदा टॉर्च लागला, की पुन्हा पहिल्यापासून." तुम्ही दोघी तशाच बसून राहिलात. आधी तंबूंच्या कडा दिसायला लागल्या, मग पायवाट, मग पलीकडची झाडं एकेक करून. एक अंधुक तारा काही केल्या सापडेना, तेव्हा तुम्ही सांगितलंत, थेट बघू नकोस, जरा बाजूला बघ. दिसला. नजरेच्या ऐन मधोमध अंधारात बघणाऱ्या पेशीच नसतात, हे आता ती मला गच्चीत नेऊन शिकवते.

सकाळी रात्रीचा विषय तुम्ही काढला नाहीत. कुणी झोपमोड झाल्याची कुरकुर केली, तर म्हणे तुम्ही म्हणालात, "शिट्टी चालते का ते बघून ठेवलेलं बरं." ताई, या एका वाक्यासाठी मी तुमचे पाय धरायला तयार आहे. लक्ष वेधून घेते म्हणून जिला सगळ्यांनी वाळीत टाकलं, तिच्या गळ्यात तुम्ही लक्ष वेधायचं साधन दिलंत. तिनं ते वापरलं, तर उत्तर दिलंत, आणि वर तिची लाजही राखलीत.

बाकी मग होत गेलं. तुम्ही तिला बॅकलीड दिलंत, म्हणजे सगळ्यांच्या मागे चालायचं, कुणाला मागे राहू द्यायचं नाही. जी वर्गात टिकत नव्हती ती सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या मागे निमूट चालली. ओढा ओलांडताना रडणाऱ्या एका पोराला तिनं सॅकचा कमरेचा पट्टा सोडायला लावला (पाय घसरलाच तर सॅक टाकून देता यावी म्हणून, हे ज्ञानही मला मिळालंय) आणि स्वतः खालच्या अंगाला उभी राहिली. त्या पोराचा अजून फोन येतो. सगळ्यांचेच येतात. भांडतात, रुसतात, एकमेकांना झापतात. घरात इतकी वर्षं न ऐकलेला आवाज आहे तो.

आता लोक मला म्हणतात, बघा, रानात पाठवलं आणि पोरगी सरळ झाली. मला हे पटत नाही. "बिघडलेल्या" मुलांना रानात नेऊन सरळ करायचा धंदा अमेरिकेत कित्येक वर्षं चालला. २००७ साली तिथल्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेनं अशा केंद्रांमधल्या मुलांच्या मृत्यूंची प्रकरणं तपासून संसदेपुढे मांडली. त्यांत आजारी पडलेल्या मुलांना ढोंगी ठरवून चालायला लावल्याच्या कहाण्या होत्या. रान तिथेही होतंच की. हाकेला ओ देणारं कुणी नव्हतं. तेव्हा श्रेय डोंगराला आणि झाडांना वाटून तुम्ही सुटायचं नाही. चांगुलपणाला पदवी लागत नाही, पण झोपेतून उठावं लागतं, आणि तेवढंसुद्धा भल्याभल्यांना जमत नाही.

एक कामाचं. पुढच्या शिबिराला तिला मदतनीस म्हणून यायचंय. पालक म्हणून मी सही केली आहे, फॉर्म उद्या पाठवते. आपत्कालीन संपर्काच्या रकान्यात पहिलं नाव माझं आहे. दुसरं तुमचं, ते तिनं तुम्हाला न विचारताच टाकलंय. खोडायचं असेल तर तिला सांगा, मी मध्ये पडणार नाही.

तुमची,
तिची मावशी