पंचनामा उरकल्यावर वकील काय करणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अवजड वाहनांच्या अपघातांतील जखमींना मिळणाऱ्या कायदेशीर साहाय्याविषयीचा आपल्या कालच्या अंकातील लेख मी दोनदा वाचला. लेख अभ्यासपूर्ण आहे, भाषाही सोपी आहे, आणि ‘नातेवाइकांनी घाबरून न जाता तातडीने तज्ज्ञ वकिलाचा सल्ला घ्यावा’ हे त्यातील ठळक अक्षरांतले वाक्य तर चौकटीत बसवून रुग्णालयाच्या भिंतीवर लावण्याजोगे आहे. ते वाचायला त्या घटकेला तिथे कोणाला सवड असते, एवढे लेखकाने सांगितले असते म्हणजे झाले असते.

जानेवारी २०२३ मधील गोष्ट सांगतो. माझा पुतण्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर, म्हणजे लेथ यंत्रावर काम करणारा कामगार होता. दुसरी पाळी संपवून रात्री मोटारसायकलने आष्ट्याला परतत असताना, तुंगच्या पुढे पंक्चर होऊन रस्त्यातच उभ्या असलेल्या उसाच्या ट्रकवर तो मागून आदळला. मोळ्यांचे शेंडे मागे इतके लोंबत होते की ट्रकचे मागचे दिवे लागले असते तरी दिसले नसते. ते लावलेलेच नव्हते, हा भाग वेगळा. पुतण्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आम्ही घरची सगळी माणसे मिरजेत रक्ताच्या पिशव्या आणि पैसे यांच्या मागे धावत होतो, आणि इकडे सकाळी घटनास्थळाचा पंचनामा उरकलाही. ट्रकच्या मागे धोक्याची सूचना म्हणून झाडाची फांदी व दगड ठेवलेले होते, असे त्यात लिहिले गेले. सर्वांत आधी धावून आलेल्या शेजारच्या वस्तीवरील दोघांचे म्हणणे असे की फांदी अपघातानंतर तोडून आणली; परंतु ते पंच नव्हते आणि साक्षीदार म्हणूनही त्यांना कोणी विचारले नाही. वाहन रस्त्यात धोकादायक स्थितीत उभे करून ठेवू नये, असे मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ सांगते. गुन्हा मात्र दाखल झाला तो माझ्या पुतण्यावर, भरधाव वेगाने वाहन चालवून स्वतःच्या गंभीर दुखापतीस स्वतःच कारणीभूत झाल्याचा. चार दिवसांनी मी तिथे गेलो तेव्हा ट्रक अर्थातच नव्हता आणि फांदीही नव्हती. दगड तेवढे रस्त्यात जसेच्या तसे पडून होते.

आता ‘तातडीच्या सल्ल्या’विषयी. तो आम्हाला मिळाला, नाही असे नाही. तिसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागाबाहेर एक गृहस्थ आले, त्यांनी आम्हाला चहा पाजला, आणि पिशवीतून पंचनाम्याची प्रत काढून दाखवली. आम्हाला ती प्रत मिळायला पुढे महिना लागला. त्यांच्याजवळ कोरे वकीलपत्रही तयार होते. येईल त्या रकमेतले पंचवीस टक्के ‘साहेबांचे’, पदरचा खर्च काही नाही, असा हिशेब त्यांनी सांगितला. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून काम घेणे आणि अशी माणसे पाठवून पक्षकार गोळा करणे वकिलांच्या बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी एवढेच दिसत होते की साऱ्या रुग्णालयात आमच्याशी दोन मिनिटे बसून बोलणारा हा एकच माणूस आहे. भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो, हेही त्यानेच सांगितले. १९९४ साली काढून टाकलेली ही मुदत २०१९ च्या दुरुस्तीने परत आणली गेली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. आपल्या लेखात तिचा उल्लेख ‘योग्य वेळी’ असा आहे. पुतण्याच्या बायकोने सही केली, तो शुद्धीवर आल्यावर त्याचीही घेतली गेली. त्यांना दोष देण्याइतका मी शहाणा नाही, कारण पेन मीच पुढे केले होते.

वास्तविक त्या गृहस्थाची गरजच पडू नये अशी व्यवस्था कागदावर आहे. त्याच १ एप्रिलपासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो, दहा दिवसांत जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुना द्यायचा असतो आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल सादर करायचा असतो. कलम १६६ (४) प्रमाणे पोलिसांकडून आलेला असा अहवालच भरपाईचा अर्ज समजला जाऊ शकतो. तो हक्कांचा नमुना आमच्या घरी आजतागायत आलेला नाही. आपल्या वाचकांपैकी कोणाला तो मिळाला असल्यास मला पाहायला आवडेल.

मोफत विधी सेवेचा लेखात गौरव आहे आणि तो रास्तच आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया व दिव्यांग व्यक्तींना मोफत वकील मिळू शकतो. १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही आहे. पण त्याचा फलक मी पाहिला तो न्यायालयाच्या आवारात, अपघातानंतर तब्बल वर्षाने, तेही तारखेला गेलो असताना स्वच्छतागृह शोधता शोधता. उसाच्या हंगामापुरता का होईना, विधी स्वयंसेवक रोज दोन तास मिरजेच्या रुग्णालयांत बसला, तर पंचनाम्यावर हरकत कशी घ्यायची, वस्तीवरच्या माणसांचे जबाब कसे नोंदवून घ्यायचे, ट्रकची छायाचित्रे कोणी आणि कधी काढायची, हे वेळेत कळेल. आता आमचा वकील कितीही तज्ज्ञ असला तरी जागेवर नसलेली फांदी त्याला कागदावरून उचलता येत नाही. दिव्यांगत्वाच्या टक्केवारीवर तो चांगला भांडतो आहे, हे मान्य करतो. आठ तास लेथसमोर उभे राहणाऱ्या माणसाचा पाय गेला तर प्रमाणपत्रातला टक्का आणि बुडालेली कमाई एकच धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात २०१० मध्येच सांगितले आहे. परंतु चूकच पुतण्याची ठरली, तर तो टक्का काय करायचा?

आणि हे लिहिताना आपल्याविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी आपल्या सांगली आवृत्तीत ‘भरधाव दुचाकी उभ्या ट्रकवर आदळली, ताबा सुटल्याने तरुण जखमी’ अशी तीन ओळींची बातमी आली होती. तो भरधाव होता हे आपल्या वार्ताहराने कशावरून ठरवले ते कळायला मार्ग नाही. बहुधा पोलीस ठाण्यातून सांगितले गेले तसे लिहिले गेले असावे. विमा कंपनीने दाव्याला दिलेल्या आपल्या लेखी उत्तरासोबत त्या बातमीचे कात्रण जोडले आहे. वर्तमानपत्रातली बातमी हा पुरावा नव्हे, असे आमचे वकील म्हणतात, तरी उलटतपासणीत ते कात्रण पुतण्यासमोर धरले गेले आणि ‘हे खोटे आहे का?’ असे त्याला विचारले गेले. ट्रकला दिवे नव्हते, एवढे सांगणारे पत्र मी त्याच आठवड्यात आपल्याला पाठवले होते. ते जागेअभावी छापले गेले नसावे. कालच्या लेखाला सुदैवाने अर्धे पान जागा मिळाली.

पुढील तारीख जवळ आली आहे. जुनी बातमी तपासून आपण दुरुस्ती छापणार असाल, तर ती त्याच पानावर आणि त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी, ही विनंती. कात्रण जोडायला ते सोयीचे पडेल.

कळावे,
आपला जुना वर्गणीदार,
आष्टा (ता. वाळवा, जि. सांगली)